निळ्या फळीचा पक्षी

ही ऐकीव गोष्ट नाही. त्या पाण्यात मी स्वतः उभी होते.

ईस्टरच्या आधीचा गुरुवार. दुपारचे तीन. आमच्या बेटावर सगळे खिडक्या लावून झोपतात, ती वेळ.

समुद्रानं फेकलेली लाकडं, मोडक्या होड्यांच्या फळ्या, गोटे, वाळलेलं समुद्रगवत... यातून मी पक्षी आणि मासे घडवते. माझ्या मोठ्या बहिणीचे, कल्लिरोईताईचे यजमान पांदेलिस दाजी मला चिडवायचे.

"काय चिमणे, समुद्राचा कचरा काढून संपला का?"

"तुमची होडी मोडली की तीही उचलेन, दाजी."

मीच म्हणाले होते हे.

फेब्रुवारीत होडी खरंच मोडली. दाजी सापडलेच नाहीत. सहा निळ्या फळ्या तेवढ्या किनाऱ्याला लागल्या.

चाळीस दिवस झाल्यावर ताई त्या फळ्या घेऊन माझ्या दारात आली.

"फ्रोसो, याचं काहीतरी कर गं. मला पुरायलासुद्धा काही नाही."

मी समुद्रपक्षी केला. निळ्या फळीचं अंग, होडीच्या वाकड्या लाकडाचे पंख, काळ्या गोट्यांचे डोळे. लाकूड खडखडीत वाळलेलं होतं. एका हातात उचलून मी तो ताईच्या बाहेरच्या खोलीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी पक्ष्याखाली पाणी होतं...

मी पुसलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा. छत कोरडं. महिनाभर पाऊस नाही.

बोट जिभेला लावलं.

खारट.

"ताई, हा मी परत नेते."

"हात लावू नकोस," ती म्हणाली. "आत्ता कुठे बोलायला लागलाय."

त्या दिवसापासून मी तिच्याकडेच राहायला गेले. ती जेवत नव्हती. रोज दुपारी दार लावून पक्ष्याजवळ बसायची. बाहेरून मला तिचा आवाज यायचा. ती काहीतरी विचारायची. मग थांबायची. मग "बरं" म्हणायची.

मधली शांतता मात्र रिकामी वाटायची नाही.

त्या गुरुवारी मी दाराला कान लावला.

ताई म्हणाली, "इतकी थंडी वाजते?"

शांतता...

आणि मग आतून, अगदी दाराजवळून...

"चिमणे, दार उघड."

मला चिमणे म्हणणारा जगात एकच माणूस होता.

मी दार उघडलं नाही. तिथेच भिंतीला धरून किती वेळ उभी होते, कोण जाणे. भानावर येऊन दार ढकललं, तर खोली रिकामी.

खोलीचं अंगणाकडचं दार उघडं होतं. अंगणातून समुद्राकडे ओल्या पावलांचे ठसे गेले होते.

दोन माणसांचे.

मी धावले. ताई कमरेएवढ्या पाण्यात होती. पक्षी छातीशी धरलेला.

"ताई, माघारी फिर. माझी शपथ आहे तुला."

"वाट दाखवतोय गं तो. जाऊ दे मला."

पाणी तिच्या गळ्याशी आलं तेव्हा मी तिला गाठलं. पक्षी ओढला. हलेना. काही दिवसांपूर्वी एका हाताने उचलला होता मी, आणि आता त्याचं वजन अंगापिंडानं भरलेल्या माणसाएवढं. मी ताईची बोटं एकेक करून सोडवली. शेवटचं बोट सुटलं...

तसं माझं मनगट कुणीतरी धरलं.

ताईचे दोन्ही हात पाण्याबाहेर होते.

मी हिसडा दिला. पक्षी खाली गेला. दगडासारखा, सरळ. एकदाही वर आला नाही.

ताईला मी फरफटत किनाऱ्यावर आणलं. ती रडली नाही. हळूच म्हणाली, "पहिल्यांदा समुद्रानं बुडवलं त्याला. आज तू बुडवलंस."

त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. शेजारच्या गावी नणंदेकडे असते. जेवते म्हणे. जगतेय. त्यासाठीच तर केलं मी ते. रोज स्वतःला हेच सांगते.

पण वाळलेलं लाकूड बुडत नाही हो. आयुष्य गेलंय माझं लाकडात, मला नाही तर कुणाला कळणार?

मग त्या दुपारी माझ्या हातून खाली गेलं... ते काय होतं?