झुकिन्यांची मतं

हिशेबानं पाहिलं, तर थिआ लव्हॉयला जिंकून मिळणार होते वर्षाला शंभर डॉलर. न्यू हॅम्पशरच्या विधानसभेत बसणाऱ्याचा पगारच तेवढा. त्यात बर्फात चालणारे टायरसुद्धा येत नाहीत. आणि त्यासाठी आधी पक्षातल्या पक्षात मर्ल टटलला हरवायचं; त्यानंतरची निवडणूक इथं नावापुरतीच. मर्ल त्या जागेवर इतकी वर्षं बसलेला, की खुर्चीला त्याच्या कमरेचा आकार आला होता. मग ही बाई उभी का राहिली? गाव म्हणालं, बॉस्टनहून आलीय, हौस असेल.

हौस नव्हती. वडील हिवाळ्यात गेले. लहानपणी आईबरोबर शहरात गेलेली थिआ त्यांच्या शेवटच्या दुखण्यात परत आली आणि मग तिथेच राहिली. घर डोंगराच्या कडेला. दिवसभरात आवाज काय तो फ्रीजचा. वेदरबी गावात कारणाशिवाय कुणी कुणाचं दार वाजवत नाही; शेजारीसुद्धा हात हलवून पुढं जातात. उमेदवाराला मात्र कुठलंही दार वाजवायची मुभा असते.

तर थिआची कमाई ही होती— दारं.

ऑगस्टातल्या एका शनिवारी ती गावाच्या कचरा डेपोवर गेली. इथं कचरागाडी येत नाही. ज्याचा कचरा त्यानंच नेऊन टाकायचा. म्हणून शनिवारी सगळं गाव डेपोवर, आणि गाव तिथं उमेदवारही. पण त्या दिवशी तिनं पत्रकं बाजूला ठेवली आणि गाडीतून काढून एकेक झुकिनी ओल्या कचऱ्याच्या ढिगावर टाकायला लागली. दिसायला काकडीसारख्या, जातीनं भोपळ्याच्या; मऊ पडलेल्या, दंडाएवढ्या झुकिन्या.

"शेती करता की काय?"

फाटकावर बसणारा माणूस होता. उन्हानं रापलेला, टोपी मागं सरकवलेली, नजर थोडी लाजरी पण जीभ नाही.

"लोकांनी दिल्यात," थिआ अभिमानानं म्हणाली. "ज्या दारी गेले त्या दारी. उमेदवार आहे मी. हे सगळे माझे मतदार."

त्यानं ढिगाकडं पाहिलं. मग हसायला लागला, आणि हसता हसता त्याची टोपी पडली.

"अहो बाई... ऑगस्टात या गावात लोक गाडीला कुलूप लावतात, ठाऊक आहे? चोरांना भिऊन नाही. काच उघडी दिसली, की कुणीतरी आत झुकिनी टाकून पळतं! एका वेलाला इतक्या लागतात, खाणार कोण? तुम्ही आपण होऊन दारात आलात. देव पावला म्हणाले असतील."

थिआच्या हातातली झुकिनी हातातच राहिली. रोज संध्याकाळी ती स्वयंपाकघराच्या टेबलावर त्या रांगेनं मांडून बघत बसायची. घरात माणसं बसल्यासारखं वाटायचं... ते सगळं नको झालेलं सामान होतं तर.

तिचं तोंड बघून त्याचं हसू विरलं. "चुकलंच माझं," तो हळूच म्हणाला. "मी आसा व्हिटकॉम्ब. आणखी एक सांगायचंय, तेही तुम्हाला आवडणार नाही. मर्ल माझा मामा."

"म्हणजे मुद्दाम आलात."

"फाटक माझंच आहे, आलात तुम्ही. पण निरोप आहे. मामा म्हणतो, आता माघार घ्या, जाहीर पाठिंबा द्या. पुढच्या वेळी तो निवृत्त होईल, जागा तुमची. त्याचे गुडघे गेलेत, दारोदार फिरणं नको झालंय. गणित विचाराल तर सौदा चांगला आहे. तुम्ही जिंकत नाही."

सौदा चांगला होता, हे थिआलाही कळत होतं. पण दोन वर्षं दारं बंद.

"विचार करते," ती म्हणाली.

"मग पुढच्या शनिवारी परत विचारावं लागेल."

"विचारा."

आणि तो विचारू लागला. कचऱ्याच्या पिशव्या फेकता फेकता, लोकांना 'काचा तिकडं' ओरडता ओरडता.

"घेताय माघार?"

"आज नाही. पाठ दुखतेय."

"माघार घ्यायला पाठ लागत नाही."

"न घ्यायला कणा लागतो. तुमच्या मामाला विचारा."

कधी तो थर्मासमधली कॉफी पुढं करायचा. कधी ती तिच्या पत्रकानं त्याला वारा घालायची— एवढाच उपयोग, म्हणायची. ते पत्रक तिच्या हातातून घेताना त्याची बोटं तिच्या बोटांपाशी क्षणभर रेंगाळायची... मग कुणीतरी जुना सोफा घेऊन यायचं.

एकदा तिनं विचारलं, "तुमच्या घराचं दार मी कसं वाजवलं नाही?"

"मामाच्या वरच्या खोलीत राहतो मी. त्या दारी तुम्ही कशाला याल?" तो फाटकाकडं बघत म्हणाला. "सगळं गाव माझ्यासमोरून जातं शनिवारी. पण कचरा टाकून झाल्यावर थांबतंय कोण?"

मतदानाआधीचा शेवटचा शनिवार. मेपलची एखादी फांदी लाल झालेली. थिआ सकाळपासून ठरवून आली होती: आज हो म्हणायचं. परवाच सभागृहातल्या जेवणावळीत मर्लभोवती गर्दी होती आणि तिच्या बाकावर ती एकटी, समोर कुणीतरी ठेवलेली झुकिनी. किती ओढायचं?

आसा आला. टोपी हातात.

"विचारा ना," ती म्हणाली. "आज उत्तर तयार आहे."

"नाही विचारत."

"का? मामानं निरोप बंद केला?"

"निरोप चालूच आहे. पण..." त्यानं टोपीची कड मुडपली. "तू माघार घेतलीस तर पुढच्या शनिवारी मी काय विचारू?"

'तू' कधी आलं, दोघांनाही कळलं नाही. मागं बाटल्या फुटल्याचा आवाज झाला. तो 'सावकाश!' असं ओरडला नाही.

"हरशील तू," तो म्हणाला. "वाईट हरशील. पण थांब. माघार घेऊ नकोस, थिआ."

तिचं तयार उत्तर तयारच राहिलं.

मंगळवारी सप्टेंबरचा बारीक, गार पाऊस. मतदानाच्या सभागृहाबाहेर दोरी बांधलेली. पलीकडं दोन्ही बाजूंची माणसं फलक धरून दिवसभर उभी राहतात, ही इथली रीत. मर्लच्या बाजूला माणसं होती, डबे होते. थिआच्या बाजूला थिआ. फलकावरचं तिचं नाव ओघळायला लागलेलं.

आसा मामाचा फलक धरून उभा होता. शब्द दिला होता. दुपारी तो फलकासकट दोरीच्या कडेला सरकला. एका हातात मामा. दुसऱ्या हातानं त्यानं छत्री उघडली आणि तिच्या डोक्यावर धरली. स्वतः भिजत राहिला.

गाव बघत होतं. मर्ल काठी टेकत आला.

"छत्री कुठल्या पक्षाची रे, भाच्या?"

"घरची आहे, मामा."

"मग घरी ने. आणि रविवारी जेवायला खाली येऊ नकोस. छत्री खा."

मामीच्या हातचं रविवारचं जेवण. आठवड्यात आसाच्या समोर माणसं बसायची ती तेवढीच. पण छत्री हलली नाही.

थिआनं त्याच्याकडं न बघता विचारलं, "मत कुणाला दिलंस?"

"मामाला. कबूल केलं होतं."

ती पावसाकडं बघत राहिली.

"छत्री मात्र कुणाला कबूल केली नव्हती," तो म्हणाला.

तेव्हा ती हसली. रडण्याच्या अगदी शेजारून गेलेलं हसू होतं ते.

संध्याकाळी मतं मोजून वाचून दाखवली. मर्लची वाचताना वाचणाऱ्याला पाणी प्यावं लागलं; थिआची एका दमात झाली. टाळ्या, खुर्च्या सरकल्याचे आवाज, मग नुसता पाऊस. गाडीपाशी आली तर कुलूप लावायचं राहिलेलं, आणि सीटवर झुकिनी. कुणीतरी शेवटची उरकली होती.

रविवारी तिनं ती लोण्यात परतली. दारावर टकटक झाली. वडील गेल्यापासून हे दार बाहेरून कुणी वाजवलंच नव्हतं. तिला क्षणभर कळेना आवाज कुठला. आसा पायरीवर उभा होता, टोपी हातात.

"काही विचारायला आलो नाही," तो म्हणाला. "भूक लागलीय."

आता हिशेब. मर्लला जागा मिळाली, आणि त्या वयात दोन वर्षांच्या बैठका गळ्यात. गावाच्या झुकिन्या गेल्या. थिआ निवडणूक हरली आणि दारोदार फिरण्याची तिची सबब संपली. ही किंमत तिनं मोजली. आसानं आपल्या वाट्याची किंमत म्हणून मामीच्या टेबलापाशीची खुर्ची दिली, आणि ती परत मिळाली नाही. थिआच्या टेबलाशी तो बसला त्या खुर्चीचा एक पाय आखूड होता. तिनं त्याच्याखाली उरलेलं पत्रक घडी करून सारलं.