शून्य नंबरची हजेरी

विश्वास ठेवा किंवा नका ठेवू. यात पदरचं काहीच घातलेलं नाही. चिंतामणी सर अजून भिवंडीतच राहतात. त्या वर्गातली पोरं मात्र यावर बोलायला तयार नाहीत.

मागच्या वर्षीची गोष्ट. कॉलेजचा तिसरा मजला, कॉम्प्युटर लॅब. वेळ सकाळी अकराची.

रात्र नव्हती. अंधारही नव्हता.

सर आणि त्यांची बायको शुभदा मॅडम, दोघंही तिथेच शिकवायचे. पहिल्या वर्षाचं प्रोग्रामिंग मॅडमकडे. कॉम्प्युटर शून्यापासून मोजतो, हे पोरांच्या डोक्यात बसावं म्हणून त्या हजेरीही शून्यापासून घ्यायच्या. शून्य नंबर त्यांचा स्वतःचा. "शून्य," असं म्हणायच्या आणि स्वतःच उत्तर द्यायच्या, "हजर." पोरं हसायची. मग एक, दोन, तीन...

जुलैच्या शेवटी मॅडम त्याच लॅबमध्ये कोसळल्या, त्या परत उठल्याच नाहीत. त्याआधी त्यांनी सरांना फोन लावला होता. सर खालच्या मजल्यावर केटीच्या, म्हणजे राहिलेल्या विषयांच्या, परीक्षेच्या ड्युटीवर. फोन नियमाप्रमाणे बाहेर जमा केलेला.

एक मिस्ड कॉल. तेवढाच मागे राहिला.

तिला काय सांगायचं होतं? सर रोज रात्री तेच घोकत पडायचे.

तिचा वर्ग त्यांनी स्वतः मागून घेतला. पहिल्या दिवशी हजेरीपुस्तक उघडलं. यादीत सगळ्यात वर तिच्या अक्षरात शून्य लिहिलेलं. सरांनी ते वाचलं.

"शून्य."

तेवढ्यात लाईट गेली. शेजारच्या कापड कारखान्यातले लूम एकदम थांबले. एवढी शांतता त्या लॅबला सवयीची नव्हती.

आणि शेवटच्या रांगेतून...

"हजर."

तिचाच आवाज.

सरांनी वर पाहिलं. शेवटची रांग रिकामी होती. पोरं आपापल्या वहीत डोकं घालून बसलेली. कुणालाच काही ऐकू आलं नव्हतं.

मग हे रोजचं झालं. लाईट असो, नसो. सर शून्य म्हणायचे आणि उत्तर यायचं.

एकदा वर्ग सुटल्यावर ते एकटेच थांबले. "शुभदा, फोन कशाला केला होतास?"

काही नाही.

"शून्य."

"हजर."

"दुखत होतं का तुला? मला बोलावत होतीस का?"

काही नाही...

महिनोन्‌महिने त्यांनी विचारून पाहिलं. ती फक्त हजेरी द्यायची. त्यापुढे एक शब्द नाही.

मॅडमची धाकटी बहीण विनिता डबा घेऊन यायची. तिला त्यांनी हे सांगितलं. तिने डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, "भावोजी, तो शून्य खोडून टाका. ताईला जाऊ द्या आता."

"मला एक वाक्य ऐकायचंय, विनिता. एकच."

जानेवारीत एकदा सर कशेळीला ट्रॅफिकमध्ये अडकले. पुढे कंटेनर बंद पडलेला. त्यांनी वर्गप्रतिनिधी ऋतिकाला फोन करून हजेरी घ्यायला सांगितलं.

"सर, शून्यापासून घेऊ?"

"शून्यापासूनच घे."

पाऊण तासाने सर पोचले, तर पोरं लॅबबाहेर उभी. कुणी आत जायला तयार नाही. दापोड्याचा प्रितम, एरवी सगळ्यांची फिरकी घेणारा, भिंतीला टेकून बसलेला.

"सर, तुम्ही मगाशी वर्गात आला नव्हतात ना?" ऋतिकाने विचारलं.

मग तिने हळूहळू सांगितलं. तिने शून्य म्हटलं आणि शेवटच्या रांगेतून हजर आलं. सगळ्यांनी ऐकलं.

सरांना भरून आलं. इतक्या महिन्यांनी ती दुसऱ्या कुणाला तरी ऐकू आली होती. आपल्याला वेड लागलेलं नाही...

"मॅडमचा आवाज होता ना?"

पोरं एकमेकांकडे बघायला लागली.

"न्हाय सर," प्रितम म्हणाला. "तुमचा हाय तो आवाज."

दुसऱ्या दिवशी पोरं कशीबशी आत येऊन बसली, तेव्हा सरांनी पुस्तक उघडलं. बोट शून्यावर ठेवलं.

"शून्य."

ते थांबले. बाहेर लूमची खटखट चालू होती. पंखा फिरत होता.

काहीच आलं नाही. सहा महिन्यांत पहिल्यांदा.

"शून्य," ते पुन्हा म्हणाले. 

काही नाही...

त्यांनी मान वर केली.

सगळा वर्ग मागे वळून शेवटच्या रांगेकडे बघत होता.