आत्याचा हात, निमाचा हात

एकच बाळ, एकच मूठ. शेवंताआत्याला ती गार लागली आणि अंगणातून लाकडं घेऊन आलेल्या निमाला चांगली गरम. आता यात खरं कोणाचं? निमाला काही केल्या चैन पडेना. ती सारखी आपल्या तान्ह्या भावंडाच्या पाळण्याभोवती घिरट्या घालत होती.

त्या वर्षी चिखलदऱ्याला कधी नव्हे असा गारठा पडला होता, वादळाने वीजही गेली होती. म्हणून लोखंडी शेगडी पेटवली होती. तिचं धुराडं छपराबाहेर काढलेलं, आणि तिच्यात लाकडं सारायला गोंदू नावाचा यंत्रमानव. हुकूम मात्र आत्याचा. बाळाला हात लावण्याआधी आपला तळवा शेगडीवर शेकून घ्यायचा, ही तिची शिस्त. तिच्यापुढे बोलायची घरात कोणाची टाप नव्हती.

आत्या तळवा शेकायची, बाळाची मूठ धरायची, गार लागली की म्हणायची, गोंदू, टाक लाकूड. गोंदू टाकायचा. बाळाच्या अंगावर टोपरं, कुंची, वर दोन दुपटी. खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबलेल्या.

दुपारी बाळाने दूध ओढणं सोडलं. चेहरा लालबुंद, मान घामाने चिंब, रडायचंही त्राण नाही. आई घाबरून डॉक्टरांना फोन करायला धावली. थंडी बाधली म्हणत आत्या घोंगडी आणायला उठली आणि गोंदूने नवं लाकूड उचललं.

निमा शेगडीपुढे आडवी आली. "थांब. पाळण्यापाशी किती अंश आहेत?"

"एकतीस," गोंदू म्हणाला. "बाळाला अठरा ते बावीस पुरतात."

"मग आधी का नाही बोललास?"

"मला लाकडं टाकायला सांगितलं होतं. अंश कोणी विचारले नाहीत."

निमाला त्याचा रागही आला आणि रडूही आलं. तेवढ्यात आई धावत आली. डॉक्टर निघाले होते, तोवर पांघरुणं काढून बाळाला शेगडीपासून लांब न्यायला त्यांनी सांगितलं होतं. आईने टोपरं, कुंची, दुपटी भराभर उतरवली, निमाने चिंध्या उपसून खिडकी किलकिली केली. आत्या घोंगडी घेऊन दारातच थबकली. मूठ तर गार होती, असं ती पुन्हापुन्हा म्हणत राहिली.

तेव्हा गोंदूने समजावलं. आपली त्वचा वस्तूचं तापमान मोजत नाही, ती फक्त उष्णतेचं वहन (गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे होणारा उष्णतेचा प्रवास) ओळखते. आत्याचा शेकलेला तळवा मुठीपेक्षा गरम, म्हणून उष्णता तळव्यातून निघून जाते आणि मूठ गार भासते. निमाचे हात गारठलेले, म्हणून उष्णता तिच्याकडे येते आणि तीच मूठ गरम भासते. शिवाय तान्ह्यांचे हातपाय अंगापेक्षा थोडे गार असतातच. म्हणून पाळण्यापाशी तापमापक (अंश दाखवणारं साधन) टांगायचा आणि न शेकलेल्या हाताने बाळाची छाती किंवा मान चाचपायची. तान्ह्याला पांघरूण फेकता येत नाही, घामाने अंग निववणंही नीट जमत नाही, त्यामुळे जास्त ऊब त्याच्या जिवावर बेतू शकते.

खोली निवत गेली. अखेर बाळाने एकदाचा टाहो फोडला आणि मग चुटूचुटू दूध ओढायला लागलं. डॉक्टरांनी येऊन तपासलं, आता धोका नाही म्हणाले. आई निमाला कवटाळून रडली.

आत्या मात्र शाल गुंडाळून निघाली होती. इतक्या गारठ्यात कुठे, असं आईने विचारलं.

"डोंगरावरच्या सगळ्या बाळंतिणींना हात शेकायला मीच शिकवलंय," आत्या म्हणाली. "त्यांच्याही शेगड्या पेटल्या असतील. निमे, कपाटातला तापमापक घे आणि चल. अंश तू वाच, बोलेन मी."

निमा चपला घालेपर्यंत आत्या फाटकाबाहेर पोचलीसुद्धा होती.