शर्यतीला निघालेले तिघे

हनुमान आणि धोंडीराम यांना कुठलीही गोष्ट तीनदा सांगितल्याशिवाय कळत नाही, हे मला ते चौथीत असल्यापासून माहीत आहे. आता दोघांनीही पन्नाशी ओलांडली. हनुमानचं केजला स्पेअर पार्टचं दुकान आहे, धोंडीराम ट्रॅक्टर विकतो. तरी त्या दिवशी माझ्या घरी बसून दोघं माझं बोलणं डोक्यावरून जाऊ देत होते, अगदी शाळेतल्यासारखं.

ते फ्रान्सला चोवीस तासांची मोटारशर्यत बघायला निघाले होते. आदल्या वर्षी मी ती बघून आले होते, म्हणून सूचना माझ्याकडून. मी सांगितलं, बूट जुने घाला, चालून चालून पाय भरून येतात. कानात कापसाचे बोळे घाला. पाऊस कधीही येतो, ओल्या गवतावर टेकायला प्लास्टिकचा कागद न्या. चोवीस तास एकाच खुर्चीला चिकटून बसू नका, वळणावळणावर जाऊन बघा. यावर धोंडीरामनं विचारलं, तिकडं तंबाखू चालते का. हनुमानला ती मळायला जागा मिळेल की नाही याची काळजी. मी कपाळाला हात लावला.

खाटेवर विठ्ठलराव बसले होते. ते हसले नाहीत.

विठ्ठलराव माझे धाकटे दीर. युसूफ वडगाव ते केज तीस वर्षं त्यांनी जीप चालवली. तेव्हा रस्ता नुसता खडीचा. त्यांचा हॉर्न वेशीजवळ वाजला की बाजाराला जाणाऱ्या बायका चुलीवरची भाकरी तशीच बांधून धावायच्या. जीपमध्ये चौदा माणसं बसवून ते प्रत्येकाला नावानं हाक मारायचे. इंजिनच्या आवाजावरून कुणाची गाडी आली ते सांगायचे. माझा भाचा अजिनाथ फ्रान्समध्ये टायरच्या कामात आहे. त्यानं आदल्या वर्षी मला, विठ्ठलरावांना आणि त्यांच्या बायकोला, वनमालाला, बोलावलं तेव्हा खरा आनंद झाला तो विठ्ठलरावांनाच.

तिघांनी मिळून लांबच्या कामाला निघू नये, अशी आमच्याकडे रीत आहे. निघावंच लागलं तर दारातला दगड उचलायचा, चौथा म्हणून सोबत न्यायचा आणि परत आल्यावर होता तिथं ठेवायचा. आम्ही तिघं निघताना शेजारच्या भामाबाईंनी याची आठवण करून दिली. वनमालानं मुठीएवढा काळा दगड धुऊन पिशवीत धपाट्यांच्या डब्याशेजारी ठेवला. मी विज्ञान शिकवलेली बाई, पण दगडाचं ओझं ते किती, म्हणून बोलले नाही.

शर्यतीच्या फाटकावर पिशव्या उघडून बघत होते. तिथल्या माणसानं दगड बाहेर काढला, उंच धरला आणि काहीतरी विचारलं. मागे रांगेतली माणसं हसली. विठ्ठलरावांना शरम वाटली. त्यांनी तो दगड स्वतः घेऊन कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि त्या माणसाला तीन बोटं दाखवली. आम्ही तिघंच आहोत, असं. त्या माणसानं माझ्याकडे पाहिलं, वनमालाकडे पाहिलं, आम्हा दोघींना आत घेतलं आणि मागची साखळी लावली. विठ्ठलराव बाहेर. मी परत जाऊन त्यांचं तिकीट दाखवलं, तेव्हा त्यानं साखळी काढली, पण चेहऱ्यावरून काही कळल्यासारखं वाटलं नाही.

आत ती जागा म्हणजे माणसांचा पूर. गाड्या पुढून गेल्या की छातीचं हाड थरथरायचं, जळक्या रबराचा वास घशात बसायचा. त्या गर्दीत पुन्हा पुन्हा कुणीतरी हातात पेला घेऊन यायचं आणि विठ्ठलरावांच्या मांडीवर बसायला वाकायचं. ते ओरडले की दचकून, इकडेतिकडे बघून निघून जायचं. आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. परतीच्या विमानातही जेवणाची ताटं दोनच आली. विठ्ठलराव म्हणाले, "वहिनी, कंपनीच कंजूष हाय."

हसणं इथं गावी आल्यावर थांबलं. केजच्या स्टँडवर जीपवाल्यानं सगळ्यांना घेतलं आणि विठ्ठलरावांना तेवढं सोडून गाडी काढली. त्या पोराला गाडी शिकवली होती ती विठ्ठलरावांनीच. घाटनांदूरला लग्नात वाढपी त्यांचं ताट ओलांडून पुढं गेला, दुसऱ्यांदा आला आणि परत ओलांडून गेला. विठ्ठलराव रागावून उठले. त्यांच्या जागी लगेच कुणी बसलंही. मी यजमानाला बोलावून फैलावर घेतलं. तो माझी माफी मागत राहिला. माझी.

मला चिडचिड व्हायची. म्हातारपणी माणसाला कुणी विचारत नाही, असं म्हणून विषय संपवता आला असता. पण मीही म्हातारी आहे, आणि मला सगळे विचारतात.

शेवटी विठ्ठलरावांनीच ठरवलं की परत जायचं. टाकलेला दगड फाटकाशी शोधायचा, तिथल्या माणसाला विचारायचं. हनुमान आणि धोंडीराम सोबत जायला तयार होते, म्हणून अजिनाथला सांगून तिघांची तिकिटं काढली. निघण्याआधी त्यांनी मला बाजूला घेतलं. आवाज खाली होता. "वहिनी, ह्या दोघांना सांगा, माझ्यावर ध्यान ठेवा. आता वनमालाबी कधी कधी मला भायेर ठिवून दार लावून घेती."

म्हणून त्या दिवशी बोळे आणि बूट झाल्यावर मी मुद्द्यावर आले. तुम्ही तिघं निघालात, मी म्हणाले, दारातला दगड उचला. आणि या वेळी तो कुणी काढून घेऊ लागलं तर फाटकातूनच मागे फिरा.

हनुमाननं धोंडीरामकडे पाहिलं.

"बाई, दगड कावून? आमी दोघंच तर हाव."

मला वाटलं चेष्टा करतोय. शाळेत असताना अशाच चेष्टेसाठी मी त्याला बाकावर उभं केलं होतं. मी खाटेकडे बोट दाखवलं. दोघांनी तिकडे पाहिलं. धोंडीराम ओशाळून म्हणाला, "अरे हां, विठ्ठल काका बी हायती की." मग मान खाली घालून चप्पल शोधू लागला.

तेवढ्यात वनमालानं चहा आणला. तीन कप. एक मला, एक हनुमानला, एक धोंडीरामला. विठ्ठलरावांनी ट्रेकडे पाहिलं. मी माझा कप त्यांच्या हातात दिला. हात गरम होता, नेहमीसारखा खरबरीत.

दगड मी स्वतः हनुमानच्या पिशवीत घातला.

शर्यतीच्या दिवशी संध्याकाळी फोन आला. मी आणि वनमाला मेथी निवडत होतो. मी फोन मोठ्या आवाजावर ठेवला. मागे गाड्यांचा तोच आवाज, जवळ येणारा आणि फाटत जाणारा.

"बाई, लई भारी हाय इथं," हनुमान ओरडून सांगत होता. "बूट जुने घातले ते बरं झालं. एक विचारायचं व्हतं. अजिनाथ दादानं तिकिटं तीन कावून काढली?"

"दगड कुठं आहे?" मी विचारलं.

"दगड? कुणीतरी पिशवीत टाकला व्हता. इमानतळावरच काढून ठेवला, वजन जास्त भरत व्हतं."

"विठ्ठलरावांना फोन दे."

"कुणाला?"

त्याच वेळी मागून तो आवाज आला. गाड्यांच्याही वर, अगदी स्पष्ट. "वहिनी, मी हितंच हाय. ह्याच्या शेजारी उभा हाय. ह्याला सांगा. वहिनी, ह्याला माझं नाव सांगा."

"ऐकलंस का?" मी हनुमानला म्हणाले.

"बाई, गाड्यांमुळं काई ऐकू येत न्हाई बघा. तिसरं तिकीट परत करू का?"

"वहिनी," तो आवाज म्हणाला.

वनमालाचा हात मेथीत थांबला होता. ती फोनकडे वाकून, मान कलती करून ऐकत होती.

"मधे मधे कोण बोलतंय हो, बाई?" तिनं विचारलं. "आवाज ओळखीचा वाटतो."

मी तिच्याकडे पाहिलं. चेष्टा नव्हती. फोनमधून पुन्हा हाक आली, या वेळी लांबून.

वर्गातल्या पोरांची नावं मला हजेरीच्या क्रमानं अजून तोंडपाठ आहेत. मी माझ्या दिराचं नाव सांगायला तोंड उघडलं.

ते आठवायला थोडा वेळ लागला.