सोनूबाईची पायरी

यातलं काहीही पदरचं नाही. घालायला मला आवडलं असतं, पण गुणवंतीआत्या अजून हयात आहे आणि खोटं खपवून घेत नाही.

साल १९८९. डिसेंबर. रत्नागिरीजवळ, कातळावरची आमची वाडी. वेळ रात्रीची नव्हे...

भर दुपारची.

आत्याचे यजमान, आमचे काका, मुंबईला कामाला. आत्या घरात एकटी. डॉक्टरांनी ब्लडप्रेशर बघून सांगितलं होतं, "वजन उतरवा, नाहीतर एक दिवस चुलीपुढेच आडव्या व्हाल." चुलीपुढे आडवं होण्याचं आत्याला काही वाटलं नाही. तेव्हा जवळ कोणी नसेल, याची मात्र धास्ती बसली.

काकांनी उपाय म्हणून व्यायामाची व्हिडिओ कॅसेट पाठवली. व्हीसीआर घरात होताच. गणपतीत वाडीला सिनेमे दाखवायला आणलेला. कॅसेटमध्ये एक गोरी बाई बुटक्या पायरीवर चढायची, उतरायची. थोडा वेळ जोरात, मग विश्रांती, पुन्हा जोरात. आमच्या बायका डोक्यावर हंडा घेऊन जन्मभर हेच करत आल्या. त्याला टीव्ही लागतो, एवढंच त्यांना माहीत नव्हतं.

पण पायरी आणायची कुठून?

पाट घसरला. मग आत्याला मागच्या अंगाचं सोनूबाईचं घर आठवलं. सोनूबाईला मुलांनी मुंबईला नेलं होतं. "मला घरला न्या" म्हणत म्हणत ती तिकडेच वारली. घराला कुलूप. दारात जांभ्याच्या चिऱ्याची एक सुटी पायरी, पायांनी गुळगुळीत झालेली.

"बंद घराला पायरी कशाला हवी?" आत्या म्हणाली.

भिकाजी गड्याने ती आणून माजघरात टाकली. आणि पाणीही न पिता पाय काढता घेतला.

पहिल्या दिवशी विश्रांती आली. आत्या खुर्चीत धापा टाकत बसली.

आणि पायरीवर...

थप.

टीव्हीचा असेल. तिने आवाज बंद केला.

थप. मग घसटत ओढलेला दुसरा पाय... अर्ध्यावरच थांबला.

पायरीवर कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तेच. आत्या चढत-उतरत असेपर्यंत काही नाही. ती थांबली की... थप. जणू कोणी आपली पाळी यायची वाट बघत होतं.

तिने शेजारच्या ठमाबाईला बोलावलं. ठमाबाई टीव्ही बघून खदखदून हसली. "अगो बाय, हिला घरात काय काम नाय काय?"

विश्रांती आली.

थप... घस्स...

आणि गुडघ्यावर हात टेकून कोणी वर यावं, तसा लांब सुस्कारा. पायरीच्या वरून.

ठमाबाईचं हसू विझलं. "ही चाल सोनूबाईची. डावा पाय ओढायची ती."

मग सगळं शांत.

त्याच दिवशी, उन्हं कलायच्या आत, भिकाजीने पायरी परत सोनूबाईच्या दारात नेऊन बसवली. आत्याने नारळ ठेवला, "चुकलं बाय माझं" म्हणत हात जोडले. घरी येऊन चहा टाकला.

"सुटले गो," ती म्हणाली.

ठमाबाई कपात बघत राहिली. "गुणवंती... चढली ती आपण ऐकली. उतरलेली ऐकलीस काय तू?"

आत्याने आठवून बघितलं.

गोरी बाई चढली की उतरायची. इथे नुसतं थप. घस्स. सुस्कारा. वर.

उतरल्याचा आवाज आला नव्हता.

एकदाही नाही.

आणि उतरायची पायरी दोघींनी मिळून घराबाहेर काढायला लावली होती.

"परत आणू काय ती?" आत्याने विचारलं.

"आण की," ठमाबाई कुजबुजली. "पण ही उतरायच्या आधी... दुसरं कोण चढलं तर?"

पायरी तिथेच राहिली. व्यायाम सुटला. आत्याचं वजन मात्र त्यानंतर आपोआप उतरत गेलं. डॉक्टर खूश झाले. आम्ही नाही झालो.

मी गेलो की अजून ओटीवरूनच बोलतो. आत जात नाही.

काकांनी कितीदा सांगितलं, घर बंद कर, मुंबईला चल. आत्या गेली नाही.

"घरात माणूस असताना," ती म्हणते, "कुलूप कसं लावू?"