चार ठोक्यांची जागा

थांब रे वना, ती वायर लगेच खुपसू नकोस. मोबाईलवर बनवलेलं गाणं माझ्या स्पीकरवर लावायचं असेल तर आधी मला शेवटपर्यंत ऐकवायचं. तीस वर्षं झाली पारोळ्यात मंडप-स्पीकरचा धंदा करतोय, पण हा नियम ललितनंतरचा. हसू नका. हळदीला वेळ आहे अजून, बसा, सांगतो. माझ्या डोळ्यांदेखत घडलंय.

दोन हजार पंचवीस साल, एकोणतीस एप्रिल, मंगळवार. दुसऱ्या दिवशी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. ललित दुपारी दुकानात आला, मोबाईल स्पीकरला जोडायची वायर मागायला. त्याच्या बहिणीचं, दिपमालाचं, आखाजीला लग्न होतं. पोरगा हुशार. मोबाईलमधल्या त्या डीजेच्या अ‍ॅपवर दोन चकत्या फिरवून असं काही मिसळायचा की म्हातारी माणसंही मान डोलवत. म्हणाला, नाना, आज असं गाणं लावतो की सगळा गाव नाचेल. मी म्हटलं, लाव बाबा, फक्त माझे स्पीकर फाडू नकोस.

रात्री हळदीत नऊला त्याने ते लावलं. ढोलाच्या ठेक्यावर एका बाईचा आवाज. लांब, चढता. अंगावर काटा यावा असा. पोरं बेभान नाचली. मीपण मान डोलावली, खोटं कशाला बोलू?

ते रडणं होतं. आपल्याकडे बाया मेलेल्याचं नाव घेऊन हेल काढून रडतात, ठाऊक आहे ना, तसं. शेजारच्या तानुबाईचा मुलगा पुना महिन्यापूर्वी अमळनेर रस्त्यावर मोटारसायकलवरून पडून गेला. त्या दिवशी ललित तिच्या दारात उभा राहून गुपचूप रेकॉर्ड करत होता. ‘मन्हा पुना रे, माले सोडीसन कथा गया रे...’ मला सोडून कुठे गेलास, असं. कुणी ओळखू नये म्हणून यानं त्यातून ‘पुना’ तेवढं कापलं, आणि मूळ रेकॉर्डिंग पुसून टाकलं. नाव होतं तिथे चार ठोके नुसता ढोल.

साडेदहाला तानुबाई मांडवाच्या कडेला येऊन उभी राहिली. ओरडली नाही, शिवी दिली नाही. ललितला जवळ बोलावलं.

“हाई मन्हं रडनं शे. पुनानं नाव कथा गयं?”

त्याने आवाज बारीक केला.

“रडाम्हा नावनी जागा रिकामी नही ठेवतस रे भाऊ. कोनी तरी ई बसस.”

कुणीतरी येऊन बसतं म्हणे तिथे. एवढं बोलून ती गेली. ललितने गाणं बदललं. पण अकरा वीसला नाचणाऱ्यांनी हट्ट धरला, तेच लाव. लाजेकाजेस्तव त्याने लावलं. बाईचा आवाज आला, ढोल आला... आणि त्या चार ठोक्यांत नाव आलं. तानुबाईच्याच आवाजात. स्वच्छ.

‘नवीन.’

नवीन म्हणजे दिपमालाचा नवरदेव. सुरतला नोकरी, सुट्टी ऐन वेळी मिळालेली, त्या रात्री स्वतः गाडी चालवत अमळनेरला घरी निघालेला. नाचणाऱ्यांना काही कळलं नाही. मी ऐकलं. ललितनेही.

त्याने गाणं बंद केलं. नवीनला फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. तिकडे दिपमाला हळद लावून घेत हसत होती... तो पळत तानुबाईकडे गेला, मी मागोमाग. पायावर डोकं ठेवलं. मावशी, एकदा पुनाचं नाव घे, मी परत जागेवर बसवतो.

“सकाय त्यानी घागर भरनी शे. आज रातले मी त्याले हाक मारनार नही.”

आखाजीला मेलेल्याच्या नावाने पाण्याची घागर भरून त्याला निरोप देतात, आदल्या रात्री तिला त्याला मागे बोलवायचं नव्हतं. आम्ही परत आलो. ललित स्पीकरमागे बसला. मोबाईल तोंडाजवळ धरला. काहीतरी बोलला... हळू. मला वाटलं, देवाचं नाव घेतलं असेल. मला वाटलं...

मग त्याने गाणं लावलं.

बाईचा आवाज. ढोल.

‘ललित.’

स्वतःचं नाव बोलला होता तो. आवाज तानुबाईचा होता.

मी वायर उपटली. उशीर झाला होता.

बारा वाजता नवीनचा फोन आला. धुळ्याच्या पुढे गाडी दोनदा उलटली होती. चुरा झाला तिचा. त्याला साधं खरचटलंही नव्हतं. ललितने फोन ठेवला, माझ्याकडे बघून हसला. म्हणाला, नाना, तुम्ही घरी जा, मी सामान आवरतो.

मी गेलो. ते अजून खातं मला.

पहाटे तो स्पीकरला टेकून बसलेला सापडला. गालावरची हळद वाळलेली. अंग गार. डॉक्टर म्हणाले, झोपेत हृदय बंद पडलं. दिपमालाचं लग्न महिन्याने झालं, दारात मांडव नाही, वाजंत्री नाही.

तो मोबाईल त्याच्या आईने मला देऊन टाकला. घरात नको म्हणाली. मी वर्षभर हात लावला नाही. परवा चार्ज केला, आणि गाणं लावलं... एकदाच.

रडणं आहे. ढोल आहे.

ललितचं नाव नाही.

तिथे चार ठोके... रिकामे.