क्षोभांक तीन

क्षोभमापन केंद्राच्या पडद्यावर आकडा स्थिर झाला : तीन. डॉ. यशोधरा हिवराळेने तो दोनदा वाचला. यंत्र बिघडलं असेल, असं म्हणायचीही तिला सोय नव्हती. यंत्र तिनेच बनवलं होतं.

सकाळी नऊ वाजता शहराच्या पूर्व टोकाला, कचरा निवडायच्या शेडमध्ये बॉम्ब फुटला होता. एकोणीस बायका गेल्या. त्यांत गयाबाई हिवराळे, म्हणजे यशोधराची आई.

"तू घरी जा," केंद्राचे संचालक डॉ. रेगे म्हणाले.

"एकोणीस जीव गेले सर, आणि तपासनीस तीन?"

"नियम तुला मी सांगायचा? प्रत्येकाच्या मनगटावर नाडीपट्टी आहे. बातमी ऐकताना नाडी किती उसळली, श्वास किती अडला, ते मोजून यंत्र शंभरापैकी एक आकडा देतं. जितका क्षोभांक, तितके तपासनीस. वशिला नाही, मंत्र्याचा फोन नाही. लोकांना जे लागलं, त्याचा तपास. हे तुझेच शब्द आहेत."

"गेल्या वर्षी शिखरबाग या श्रीमंत सोसायटीच्या तरणतलावावर स्फोटात दोघांचे पाय भाजले, तेव्हा एक्याण्णव आला होता. चार दिवसांत माणूस गजाआड."

"कारण तरणतलावावर आपण असतो तर, असं लोकांच्या मनात येतं. शिखरबागेत न राहणाऱ्यांच्याही. कचऱ्याच्या शेडमध्ये स्वतःला कोण बघतं? यंत्र खोटं बोलत नाही, यशोधरा."

तेच तर तिला झोंबलं. वस्तीवस्तीचा सरासरी क्षोभांक दाखवणारा नकाशाही तिच्याच आग्रहाने सर्वांना खुला केला होता. काय मिरवली होती ती तेव्हा! आई टाळ्या वाजवायला पहिल्या रांगेत बसली होती, नवं लुगडं नेसून.

पाचव्या दिवशी तिघा तपासनिसांनी मत दिलं : रसायनाचा डबा फुटला असावा. दहाव्या दिवशी फाईल आपोआप बंद होणार होती. म्हणजे मारणारा मोकळा, आणि आई एका डब्याने मेली, असं कायमचं लिहिलं जाणार. यशोधरा त्या दिवशी रडली नाही. तिने दात आवळले आणि ठरवलं, या शहराला त्याच्याच नाडीने धरून ओढायचं.

शेडमध्ये प्रत्येक सोसायटीचा कचरा वेगळ्या रंगाच्या गोणीतून येई. शिखरबागची गोणी निळी. यशोधराने एक निळी गोणी मिळवली, तोंडाची दोरी कात्रीने कापली, कापड जाळलं, त्याला स्फोटकाची भुकटी लावली आणि दोरीसकट तो तुकडा ढिगाऱ्यात सरकवला. दुसऱ्या दिवशी तपासनिसांना तो सापडला. निष्कर्ष सरळ होता : बॉम्ब ठेवला होता शिखरबागेत, कुणीतरी नकळत तो कचऱ्यात टाकला, आणि फुटला शेडमध्ये.

बातमी बाहेर पडताच क्षोभांक ब्याण्णव. मेलेल्या बायका त्याच, बॉम्बही तोच. शिखरबागची मंडळी तळघरात राहायला गेली. चौकाचौकांत मेणबत्त्या लागल्या, त्याही शिखरबागच्या वाचलेल्या मुलांसाठी. यशोधराला शिसारी आली, पण ब्याण्णव तपासनीस कामाला लागले होते.

दोन दिवसांनी रेग्यांनी तिला खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"शेडमधून वाचलेल्या त्या ठकूबाई. तपासनिसांनी त्यांना गोणीचा तो तुकडा दोरीसकट दाखवला. काय म्हणाल्या माहीत आहे? 'ही आमच्या हातची न्हाई. आमी दोरी कापत न्हाई, गाठ सोडतो. सोडलेली दोरी इकली जाते, कापलेली कोन घेतंय?' कुणी कापली, यशोधरा?"

आईने जन्मभरात एकही दोरी कापली नव्हती. दातांनी, नखांनी, पण गाठ सोडायची. कात्री हातात घेताना लेकीला ते आठवलंसुद्धा नव्हतं. खोटा पुरावा ठेवतानाही वाटली नव्हती एवढी लाज तिला त्या दोरीची वाटली.

"मी," ती म्हणाली.

"आता हे जाहीर होणार. क्षोभांक पुन्हा तीनवर येईल, माणसं परत जातील. तुझी नोकरी गेली, आणि बॉम्ब ठेवणाराही सुटला."

यशोधराने खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाली, "सर, कायद्याप्रमाणे क्षोभांक कुणाला लागतो? माणसाला की फाईलला?"

"फाईलला."

"मग जाहीर मी करते."

दुपारी शहराच्या प्रत्येक पडद्यावर तिचा चेहरा होता. "गोणी मी ठेवली," ती म्हणाली. "तुमच्यावर बॉम्ब नव्हताच. तुम्ही तळघरात गाद्या टाकून बसलात, ते मी बघत होते आणि हसत होते. माझ्या आईसाठी तुमची नाडी हलली नाही, एका रिकाम्या गोणीसाठी कशी नाचली! तुमच्या मेणबत्त्या मी विझवल्या. काय करणार माझं?"

माणूस भीती विसरतो, पण आपल्याला उल्लू बनवलेलं विसरत नाही. पाच मिनिटांत आकडा सत्त्याण्णव झाला. इतका तो कधीच आला नव्हता.

फाईल तीच होती, शेडच्या बॉम्बची. सत्त्याण्णव तपासनीस तिच्यावर तुटून पडले. यशोधराचा खोटेपणा कोर्टात सिद्ध करायचा, तर बॉम्ब शिखरबागचा नव्हता हे दाखवणं भाग होतं. आणि ते दाखवायचं, तर तो कुणाचा हे शोधणं भाग होतं. तिला खडी फोडायला पाठवायच्या ईर्ष्येने त्यांनी शेडमधली राख चाळणीने चाळली. सहाव्या दिवशी माणूस सापडला.

त्याच्या अटकेच्या बातमीला क्षोभांक आला चार. यशोधराच्या सहा वर्षांच्या शिक्षेला अठ्ठ्याण्णव, तोही शिक्षा कमी झाली म्हणून.

कोर्टाच्या व्हरांड्यात दोघांना एकाच बाकावर बसवलं होतं. मध्ये एक पोलीस. जबाबात त्याने कबूल केलं होतं, की शेड म्हणजे पुढच्या मोठ्या कामाची तालीम होती.

"मी नकाशा बघून जागा निवडली होती," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "तिथला आकडा कधी पाचच्या वर गेला नव्हता. कुणी शोधायला येणारच नव्हतं. माझं चुकलं कुठे?"

यशोधराने बेड्या घातलेले हात मांडीवर ठेवले. कित्येक दिवसांनी तिला मनापासून बरं वाटत होतं.

"तू आकडा नुसता वाचलास," ती म्हणाली. "मी तो बनवला होता."